छान आहे जी

आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात कुणाला एखादी वस्तू दाखवून ‘कशी वाटली?’ असं विचारलं, तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: ‘छान आहे जी.’ भिडेखातर, पाहुणचार म्हणून, समोरच्याच्या मेहनतीचा मान राखायचा म्हणून. गेल्या हिवाळ्यात एक संकेतस्थळ लोकांकडून तपासून घ्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि या उत्तराने मला जेवढं चक्रावून टाकलं तेवढं कुठल्याही तांत्रिक गोष्टीने टाकलं नाही.

काम असं होतं. वारासिवनीच्या बाजूला काही शेतकऱ्यांचा छोटा गट आहे, त्यांचा जमाखर्च मी लिहिते. ही मंडळी चिन्नोर पिकवतात. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वासाचा तांदूळ, खिरीसाठी याच्यासारखा दुसरा नाही असं इकडे म्हणतात. पण धान उंच वाढतं, वाऱ्यापावसात लोळतं, कापणीला उशिरा येतं आणि एकरी उतारा कमी. साध्या धानाच्या भावात तो विकणं परवडत नाही. चांगला भाव देणारं गिऱ्हाईक थेट मिळालं तरच शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा चिन्नोर लावतो, नाहीतर संकरित धानाकडे वळतो. म्हणून गटाने साइट काढायचं ठरवलं. नागपूरला सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या माझ्या भाच्याने ती बनवून दिली आणि फोनवर म्हणाला, ‘‘मावशी, आता टेस्टिंग तू घे. मी बनवलीय, मला ती सोपीच वाटणार. लोकांच्या हातात दे आणि काय होतं ते लिहून काढ.’’

सोबत त्याने वाचायला बरंच काही पाठवलं. मी वाणिज्याची पदवीधर. ताळेबंद सोडून दुसऱ्या कशाची तपासणी मी कधी केली नव्हती. ह्युरिस्टिक इव्हॅल्युएशन, कॉग्निटिव्ह वॉकथ्रू, थिंक अलाउड, कार्ड सॉर्टिंग, ट्री टेस्टिंग, ए-बी टेस्टिंग, आय ट्रॅकिंग. एवढ्या सगळ्या पद्धती कशासाठी, यांतली आधी कुठली, नंतर कुठली, काही केल्या कळेना. पुष्कळ वाचल्यावर एवढं ध्यानात आलं की काही पद्धतींत जाणकार स्वतः साइट चाळून दोष काढतात. याकोब नील्सन आणि रॉल्फ मोलिक यांनी १९९० मध्ये अशी एक पद्धत मांडली, आणि १९९४ मध्ये नील्सनने तिच्यासाठी दहा कसोट्या पक्क्या केल्या: आत काय चाललंय ते माणसाला दिसावं, चुकलं तर सहज मागे फिरता यावं, मागच्या पानावरचं पुढे लक्षात ठेवायला लागू नये, अशा. उरलेल्या पद्धतींत प्रत्यक्ष माणसं बसवावी लागतात. ए-बी टेस्टिंगमध्ये एकाच पानाची दोन रूपं वेगवेगळ्या लोकांना दाखवून कुठलं जास्त चालतं ते मोजतात. त्याला येणारे-जाणारे हजारोंनी लागतात. डोळ्यांची हालचाल टिपायला खास यंत्र लागतं. ती दोन्ही आमच्यासाठी बाद. माणसं बसवणं तेवढं शक्य होतं.

पण कुठली माणसं? मापदंडांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९८ मध्ये आयएसओ ९२४१-११ हे मानक काढलं, २०१८ मध्ये ते सुधारलं. त्यात सोपेपणाची व्याख्या आहे, आणि ती मला फार आवडली. नुसती ‘सोपी साइट’ अशी काही चीज नसते. ठरावीक माणसाला, ठरावीक कामासाठी, ठरावीक परिस्थितीत काम पुरं करता आलं का, त्याला किती सायास पडले आणि त्याला समाधान वाटलं का, एवढंच मोजता येतं. वाचताना एकदम पटलं. मग वहीत ‘ठरावीक माणूस’ असं लिहून खाली नावं काढायला बसले, आणि तिथेच अडले.

कारण आमच्याकडे साइट वापरणारा माणूस आणि जिचं काम आहे ती व्यक्ती पुष्कळदा वेगळी असते. राज्य सरकार आणि टाटा कन्सल्टन्सी यांनी मिळून २००६ मध्ये एमपी ऑनलाइन सुरू केलं, तेव्हापासून चौकाचौकात कियोस्क उभे राहिले. परीक्षेचा फॉर्म, जातीचा दाखला, धानविक्रीची नोंदणी, समग्र आयडी, सगळं तिथे. समग्रमध्ये कुटुंबाचा क्रमांक आठ आकडी आणि घरातल्या प्रत्येकाचा नऊ आकडी. हे क्रमांक लिहिलेला कागद घेऊन माणूस बाकावर बसतो, आणि बटणं दाबतो तो कियोस्कवाला. आमच्या गटातले काही शेतकरी साइटवर आपला माल याच रीतीने चढवणार होते. मग ‘वापरणारा’ कोण धरायचा? बटण दाबणारा, की बाकावरून ‘तीन क्विंटल लिही जी’ असं सांगणारा? पुस्तकांत बसलेला माणूस एकटा असतो: एक खुर्ची, एक पडदा, एक माणूस. आमच्या कियोस्कमध्ये एका पडद्यामागे चार जण उभे असतात आणि चौघांचंही त्यात काही ना काही अडलेलं असतं.

मग प्रश्न आला किती जणांना बसवायचं. नील्सनने २००० मध्ये लिहिलं की पाच माणसं पुरतात. त्याआधी १९९३ मध्ये त्याने आणि टॉम लँडावरने गणित मांडलं होतं: एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के दोष सापडतात, दुसऱ्याकडून काही तेच आणि काही नवे, असं करत पाचव्यापर्यंत सुमारे ८५ टक्के पदरात पडतात. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, बरोबर आलं. जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पुढचा लेख हाती आला. जेरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी २००१ मध्ये मोठ्या साइट तपासल्या आणि सांगितलं की पाच माणसं मुळीच पुरत नाहीत. त्यांच्या हाती पाच जणांकडून ३५ टक्केच दोष लागले होते. त्यानंतर मोलिकचा प्रयोग वाचला. १९९८ मध्ये नऊ वेगवेगळ्या चमूंना एकच साइट दिली, तेव्हाची हॉटमेल. सगळ्यांनी मिळून ३१० दोष काढले. त्यातले ७५ टक्के दोष फक्त एकेका चमूलाच दिसले होते. सगळ्या नऊ चमूंना दिसलेला असा एकही दोष नव्हता.

जमाखर्च लिहिणाऱ्या बाईला हे पचणं अवघड. नऊ लेखापालांनी एकच खातेवही तपासली आणि शिल्लक नऊ तऱ्हेची आली, तर आम्ही वही टाकून देऊ. मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘मावशी, ही ताळेबंदाची बेरीज नाही. दोष सगळे सापडणारच नसतात. थोडे सापडले की दुरुस्त करायचे, परत माणसं बसवायची.’’ नील्सनचा खरा सल्लाही हाच आहे हे मग पुन्हा वाचल्यावर दिसलं: पंधरा जण एकदम बसवण्यापेक्षा पाच-पाचचे तीन फेरे करा, मधल्या काळात दुरुस्त्या करा. इतका साधा मुद्दा त्या टक्केवारीच्या आकड्याखाली दडून गेलेला होता.

पहिल्या फेरीसाठी मी ‘थिंक अलाउड’ निवडलं, कारण त्याला फक्त वही-पेन लागतं. माणसाला काम द्यायचं आणि ते करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं. मानसशास्त्रात एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी याचा पाया घातला आणि आयबीएममधल्या क्लेटन लुइसने १९८२ मध्ये ते संगणकाच्या कामाला लावलं. वाचताना वाटतं, यात काय आहे? पण आमच्याकडे माणूस परक्यासमोर स्वतःशी बोलत नाही. असं बोलणारा माणूस लोकांना विचित्र वाटतो. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींच्या हातात मोबाइल दिला, तर ते एकदम परीक्षेला बसल्यासारखे ताठ झाले. पुस्तकात सांगितलेलं वाक्य मी आधीच म्हटलं होतं, ‘‘गुरुजी, परीक्षा तुमची नाही, साइटची आहे.’’ त्यांनी मान हलवली आणि शेवटपर्यंत अवाक्षर काढलं नाही. पत्त्याच्या पानावर त्यांचा अंगठा कितीतरी वेळ हवेत थांबलेला मी पाहिला. नंतर विचारलं, ‘‘कुठं अडलं का?’’ ‘‘नाही, छान आहे.’’ लांजीकडच्या एका बाईंनी तर अडल्यावर फोन माझ्याकडे परत दिला आणि म्हणाल्या, ‘‘मलेच येत नाही बाप्पा. साइट बरोबरच असंल.’’

हे वाक्य मला आजही सलतं. फॉर्म वाईट बनवलेला असतो आणि माणूस आपल्याला अडाणी समजून घरी जातो. अशी किती माणसं रोज कुठल्या कुठल्या खिडकीवरून परत जात असतील!

बोलण्याचा आणखी एक पेच होता, भाषेचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आमची राजधानी नागपूर होती, आणि आजही जिल्ह्यात पुष्कळ घरांत मराठी किंवा पोवारी चालते. साइट हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आहे. पण घरात मराठी बोलणारी माणसंसुद्धा साइटवर हिंदीचं बटण दाबत होती, कारण शाळा हिंदीत झाली आणि आयुष्यात भरलेला प्रत्येक फॉर्म हिंदीत होता. मग वाचायचं हिंदीत, विचार करायचा मराठीत, आणि माझ्यासमोर बोलायचं ते जपून, शुद्ध करून. एवढ्या गाळण्यांतून मोठ्याने काय निघणार?

म्हटलं, बोलत नाहीत तर गुण तरी देतील. ‘सिस्टिम यूजेबिलिटी स्केल’ नावाची एक प्रश्नावली आहे, जॉन ब्रूकने १९८६ मध्ये केलेली, जगभर वापरतात. दहा विधानं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. एक विधान साइटच्या बाजूचं, दुसरं विरुद्ध, असं आलटून पालटून. शेवटी शंभरापैकी आकडा निघतो, सरासरी साइटला ६८ च्या आसपास पडतात. मी विधानं हिंदी-मराठीत उतरवून विचारली. एका आजींनी दहाही विधानांना पूर्ण होकार दिला. साइट सोपी आहे, हो. साइट किचकट आहे, हो जी. हिशेब केला: विषम क्रमांकांचे गुणातून एक वजा, सम क्रमांकांचे पाचातून गुण वजा, बेरजेला अडीचने गुणायचं. बरोबर ५० आले. सगळ्या विधानांना मधला तीनचा गुण दिला तरी ५०. म्हणजे नम्र माणूस आणि गोंधळलेला माणूस एकाच आकड्यावर येऊन थांबतात, आणि त्या आकड्यावरून कुठल्या पानाला हात लावायचा ते काही कळत नाही. ही प्रश्नावली जगात उपयोगी असेल, मोठ्या गर्दीत असेलही; आमच्या ओसरीवर तिचा उपयोग नाही, असं माझं ठाम मत झालं.

त्यानंतर भाच्याने एक संशोधन पाठवलं आणि माझा धीर परत आला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमध्ये रविकिरण वात्रापु आणि मॅन्युएल पेरेझ-किन्योनेस यांनी भारतीय लोकांना एक साइट वापरायला दिली. काहींची मुलाखत भारतीयाने घेतली, काहींची अमेरिकनाने. २००६ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की भारतीय मुलाखतकारासमोर लोकांनी जास्त दोष सांगितले, जास्त सूचना केल्या. म्हणजे माणूस मुळात मुका नसतो. समोर कोण बसलंय त्यावर तो किती बोलेल ते ठरतं. मी तर गावचीच, मग माझ्यासमोर का नाही बोलत? विचार केल्यावर दिसलं: मी गटाची हिशेबनीस. साइटची बाजू घेऊन आलेली. म्हणून शेजारच्या घरातल्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला समोर बसवलं, तिचा गटाशी काही संबंध नव्हता. मी मागे वही घेऊन बसले. लगेच फरक पडला. पोरीला लोक समजावून सांगायला लागले, ‘‘हे बघ बेटा, इथं असं नको होतं.’’

मुंबईच्या अपला लाहिरी चव्हाण यांची पद्धतही तेव्हाच कळली. तिला ‘बॉलिवूड पद्धत’ म्हणतात. भारतीय माणसाला थंडपणे तिकीट काढायला सांगितलं तर तो टीका करत नाही, म्हणून त्यांनी कामाला सिनेमाची गोष्ट जोडली: तुमच्या लाडक्या भाचीचं लग्न ठरलंय, आणि आत्ता कळलं की नवरा मुलगा गुंडांच्या टोळीतला आहे, त्याचं आधीच एक लग्न झालंय, पुरावा तुमच्या हाती आहे, त्याच्या बायकोला घेऊन तातडीने बेंगळुरूला विमानाने पोहोचायचंय, काढा तिकीट! माणूस गोष्टीत शिरला की भीड गळून पडते आणि साइटवर चिडायला तो मोकळा होतो.

मला यातलं फार काही रचावं लागलं नाही. आमच्याकडे लग्नसराई पुरेशी नाट्यमय असते. गुरुजींनाच पुन्हा विनंती केली: नातीचं साक्षगंध आहे, रायपूरचे व्याही येणार, त्यांनी खीर चिन्नोरचीच हवी असा निरोप दिलाय, घरात दाणा नाही, वेळ थोडा आहे. पहिल्या वेळी ताठ बसलेले गुरुजी यावेळी फोनवर ओरडलेच, ‘‘अरे, पोहोचणार कधी ते आधी सांगा ना! पैसे आधी आणि तारीख नंतर, हे कुठलं दुकान?’’ तारीख पैसे भरल्यानंतरच्या पानावर दिसत होती. भाच्याला, मला, गटातल्या कुणालाही ते खटकलं नव्हतं, कारण आम्हाला तांदूळ कधी पोहोचतो ते ठाऊकच होतं.

पण सगळ्यांत जास्त हाती लागलं ते वारासिवनीच्या दोन जावांकडून. दोघींना एकच फोन दिला आणि मदत मागितली: ‘‘नागपूरच्या माझ्या बहिणीसाठी पाच किलो मागवून द्या, मला जमत नाहीये.’’ दोघींचं बोलणं आपोआप सुरू झालं.

‘‘घेतलेलं पोतं कुठं गेलं व?’’

‘‘गेलं नाही, वरती आलं. ते बघ, छोटंसं.’’

‘‘वर कायले ठेवलं? खाली बटण, वर पोतं.’’

‘‘आता हे घर नंबर मागून राहिलं. आपल्या टोल्यात कुठं आहे घर नंबर?’’

‘‘शून्य टाक.’’

‘‘शून्यावर कोण आणून देईल व?’’

मी लिहून लिहून थकले. या पद्धतीलाही इतिहास आहे. जपानच्या नाओमी मियाके यांनी १९८६ मध्ये दोन-दोन माणसांना एकत्र बसवून शिवणयंत्र कसं चालतं ते समजून घ्यायला लावलं आणि त्यांचा संवाद अभ्यासला. एकट्याला मोठ्याने विचार करायला सांगणं कृत्रिम असतं. दोघांना बोलल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आमच्या कियोस्कच्या बाकाला तर ही पद्धत अगदी चपखल बसते. नंतर कियोस्कवाला आणि शेतकरी अशी जोडी बसवली, आणि ‘वापरणारा कोण’ हा माझा जुना घोळ तिथे सुटला: दोघंही. शेतकरी प्रमाण सांगतो, कियोस्कवाला रकाना शोधतो, आणि अडतं ते दोघांच्या मधल्या जागेत. शेतकऱ्याने भरडलेला आणि न भरडलेला माल वेगळा सांगितला. पानावर एकच रकाना होता.

मदत मागण्याचंही असंच. ‘तपासून द्या’ म्हटलं की लोक अवघडतात, ‘एवढं करून द्या’ म्हटलं की सरसावून बसतात. वस्तूला नावं ठेवायला ज्यांना जड जातं, तेच माझ्यासाठी काम करून देताना वाटेतल्या प्रत्येक दगडावर बोट ठेवतात. पुस्तकांत हे मला असं लिहिलेलं सापडलं नाही, पण बालाघाटात माझ्या अनुभवाने हीच पहिली पायरी आहे.

कार्ड सॉर्टिंग आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर केलं. साइटवरची एकेक वस्तू एकेका तुकड्यावर लिहायची, तुकडे लोकांपुढे टाकायचे आणि म्हणायचं, लावा ढीग. आम्ही साइटवर विभाग केले होते पॉलिशनुसार आणि वजनानुसार, गोदामात माल ठेवतात तसे. लोकांनी ढीग लावले खिरीचा, पाहुण्यांचा, रोजचा असे. बियाण्याचं कार्ड एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने खाण्याच्या तांदळापासून लांब, वेगळं ठेवलं आणि कुणी जवळ सरकवलं तर परत लांब केलं. पेरायचं ते खायच्या ढिगात पडता कामा नये. भाच्याने दुसऱ्या दिवशीच विभाग बदलले.

आता तारीख पहिल्याच पानावर आहे. घर क्रमांक सक्तीचा राहिला नाही. त्याजागी टोला, म्हणजे वस्ती, आणि जवळची खूण लिहायला मोठा रकाना आहे. पोतं खाली बटणाशेजारी आलंय. माझी वही मात्र अजून भरतेच आहे, आणि मला मनापासून वाटतं की लोकांसाठी जी जी साइट निघते तिच्यासमोर ती खुली होण्याआधी कुठल्यातरी तालुक्याचा कियोस्कवाला आणि त्याच्या बाकावरचा माणूस बसवला गेला पाहिजे. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. नियमांची वानवा नाही. बाकावरच्या माणसाला विचारायला कुणीतरी तिथे जाऊन बसायला हवं.

पैसे भरण्याचं पान अजून आमच्या हाती आलेलं नाही. खरेदीचा ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन पुष्कळ घरांत हैदराबादला किंवा नागपूरला कामाला गेलेल्या मुलाकडे असतो. मुलगा पाळीवर असतो, तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची वेळ संपते, आणि साइट सगळं पुन्हा पहिल्यापासून भरायला लावते. धानाची कापणी आटोपली की लांजी आणि कटंगीला जायचं ठरलंय. तीन वेगळ्या प्रकारची माणसं असतील तर प्रत्येक प्रकारातले तीन बसवा, असं नील्सनने म्हटलंय. त्याप्रमाणे तीन कियोस्कवाले, तीन शेतकरी आणि तीन घरच्या बाया बसवणार आहे, जमेल तिथे दोघादोघांच्या जोड्या करून, आणि ज्याच्या हाती ओटीपीचा फोन आहे त्या मुलालाही पाळी सुटल्यावर फोनवर धरणार आहे.